वाळूला गिऱ्हाईक असतं

पडद्यावर आधी एक खडक दिसतो. मग असे अनेक. मग कळतं, हे वाळूचे कण आहेत, आणि पुढे नजर पोहोचेल तिथवर वाळूच.

'सुना नो ओन्ना', म्हणजे वाळूतली बाई. १९६४चा जपानी चित्रपट. कोबो आबे यांनी १९६२च्या आपल्याच कादंबरीवर पटकथा लिहिली. दिग्दर्शक हिरोशी तेशिगाहारा.

टोकियोचा एक शिक्षक किडे शोधत समुद्रकाठी येतो. शेवटची बस चुकते. गावकरी म्हणतात, राहा की आजची रात्र! दोराच्या शिडीने त्याला खोल खड्ड्यात उतरवतात. तळाशी लाकडी घर, घरात एकटी विधवा. सकाळी पाहतो तर शिडी गायब.

बाई रात्रभर वाळू उपसते. न उपसली तर घर गाडलं जाईल, आणि हे गेलं की पुढचा नंबर शेजारच्या घराचा. वरचे लोक वाळू ओढून घेतात, बदल्यात पाणी आणि शिधा खाली सोडतात. काम थांबलं की पाणी बंद.

इथे सगळ्यांना ग्रीक पुराणातला सिसिफस आठवतो, दगड डोंगरावर ढकलत न्यायचा आणि तो पुन्हा खाली घरंगळायचा, अशी शिक्षा झालेला. पण सिसिफसच्या दगडाला गिऱ्हाईक नव्हतं. ही खारट वाळू बांधकामाला चोरून विकली जाते. त्या इमारती कोसळतील की, असं शिक्षक म्हणतो. परक्यांचं मला काय, असं बाई विचारते, आणि तिला खोडून काढणं सोपं नाही. तो तिला विचारतो, जगायला उपसतेस की उपसायला जगतेस? खरं तर हा प्रश्न त्याच्या शहरातल्या नोकरीलाही विचारता आला असता.

तेशिगाहारांच्या वडिलांनी सोगेत्सु ही पुष्परचनेची शाळा काढली. पुढे ती यांनीच चालवली. फांदीचा पोत ओळखणाऱ्या घरातली नजर इथे घामेजल्या कातडीवरची वाळू पाहते. हिरोशी सेगावांचा कॅमेरा इतका जवळ जातो की आपल्यालाच खाज सुटावी. तोरु ताकेमित्सूंचं संगीत तर कानावर ओरखडे काढतं. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात चित्रपटाला ज्युरींचा विशेष पुरस्कार मिळाला.

कावळ्याच्या पायाला सुटकेची चिठ्ठी बांधता यावी म्हणून शिक्षक कावळ्यांचा सापळा लावतो. त्याला नाव देतो 'आशा'. कावळा येत नाही, पण सापळ्यासाठी पुरलेल्या पिंपात पाणी साठतं. वाळू खालून ओल वर खेचते आहे! तो नोंदी ठेवू लागतो. एक दिवस आजारी बाईला वर नेतात आणि शिडी तशीच राहते. तो चढतो, समुद्र पाहतो, आणि परत उतरतो. पाण्याचा शोध कुणाला तरी सांगायचा आहे. टोकियोत त्याचं कुणाला कौतुक? त्याची किंमत कळेल ती त्याला डांबणाऱ्या गावालाच.