तिला कुणी विचारलं होतं? : देव, पिशाच्चं आणि प्रेमकथा

(पडद्यावर : फुलांनी भरलेलं कुरण. एक हात नार्सिससच्या फुलाकडे जातो.)

ग्रीक पुराणकथेतली पर्सेफनी फूल खुडायला वाकते आणि जमीन दुभंगते. सोन्याच्या रथातून पाताळाचा राजा हेडीज वर येतो, तिला उचलतो आणि ती किंचाळत असतानाच घेऊन जातो.

आता हीच गोष्ट अलीकडच्या एखाद्या पॅरानॉर्मल रोमान्समध्ये, म्हणजे देव, भुतं, व्हॅम्पायर यांच्या प्रेमकथेत, वाचा. तिथे पर्सेफनी स्वतःच्या पायांनी पाताळाच्या दाराशी जाते. आईच्या धाकाला ती विटलेली असते. हेडीज अबोल, जगाने बदनाम केलेला, तिच्यापुढे मात्र विरघळणारा. डाळिंबाचे दाणे ती आपल्या हाताने खाते, पाताळातलं अन्न खाल्लं की तिथे परतावंच लागतं हे पुरतं ठाऊक असताना.

अशा कादंबऱ्यांचे पुष्कळ वाचक एका हातात व्हॅम्पायरची प्रेमकथा आणि दुसऱ्या हातात ग्रीक, नॉर्स (म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या) नाहीतर केल्टिक देवांवरचं जाडजूड पुस्तक घेऊन बसलेले असतात. रसिक मंडळी पहिल्या पुस्तकाला नाकं मुरडतात आणि दुसऱ्याला मान देतात. खरं तर ही दोन्ही पुस्तकं एकमेकांशी भांडत असतात, आणि ते भांडण ऐकण्यासारखं आहे.

(पडद्यावर : हस्तलिखिताचं पान. ग्रीक अक्षरं.)

मूळ गोष्ट सविस्तर येते ती डिमिटरच्या, म्हणजे पर्सेफनीच्या आईच्या, धान्यदेवीच्या स्तोत्रात. ते होमरच्या नावावर मोडतं, होमरचं नाही. इसवीसनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासची ही रचना. ४९५ ओळींच्या या काव्याचं जे हस्तलिखित आपल्यापर्यंत पोचलं, ते १७७७ मध्ये मॉस्कोत हाती लागलं. आज ते नेदरलँड्समध्ये, लायडनला आहे.

हे काव्य वाचताना पहिला धक्का बसतो तो हा, की ही प्रेमकथाच नाही. ही एका आईची गोष्ट आहे. मुलगी द्यायचं ठरवलं देवांचा राजा झ्यूसने, म्हणजे तिच्या बापाने, आणि ठरवलं आपल्या भावाशी. आईला पत्ता नाही. मुलीला तर कुणी विचारलेलंच नाही. डिमिटर नऊ दिवस हातात पेटत्या मशाली घेऊन पृथ्वी पालथी घालते, अन्नाला शिवत नाही. पुढे ती धान्य उगवणंच बंद करते. माणसं उपाशी, म्हणून देवांचे नैवेद्य बंद. तेव्हा कुठे झ्यूस हलतो आणि देवांचा दूत हर्मीसला पाताळात पाठवतो.

आणि मग तो डाळिंबाचा दाणा. कवी सांगतो, की हेडीजने इकडेतिकडे पाहत, गुपचूप तो तिला खायला दिला. थोड्या ओळींनंतर पर्सेफनी आईला सांगते, की त्याने मला बळजबरीने खायला लावलं. एकाच काव्यात एकाच घासाच्या दोन जबान्या! मुलगी आईची समजूत काढते आहे का? की कवीच हेडीजला सांभाळून घेतो आहे? स्तोत्र गप्प राहतं. वर्षाचा एक तृतीयांश काळ पाताळात, उरलेला आईजवळ, एवढा निवाडा करून ते पुढे जातं.

आजची कादंबरी आत शिरते ती नेमकी या फटीतून. पर्सेफनीला काय हवं होतं, हा एकच प्रश्न घेऊन ती चारशे पानं लिहिते. प्रश्न रास्त आहे. पण त्याची किंमत बहुतेक वेळा डिमिटरला मोजावी लागते. जिने मुलीसाठी देवांना उपाशी ठेवलं, ती या कादंबऱ्यांत मुलीला कोंडून ठेवणारी कजाग बाई होऊन बसते. नायकाला उजळ करायचं तर कुणालातरी काळं करावं लागतं, आणि पाळी आईची येते. अपहरण पुसलं गेलं याचं मला तितकं वाईट वाटत नाही, जितकं तिचा राग पुसला गेला याचं वाटतं.

(पडद्यावर : अंधारी खोली, तेलाचा दिवा.)

या प्रकारच्या प्रेमकथेचं घराणं सांगताना लोक सहसा १८१९ पाशी थांबतात. त्या वर्षी इंग्रज लेखक जॉन पॉलिडोरीची व्हॅम्पायरकथा छापून आली आणि लोककथांतलं सुजलेलं, कबरीतून उठणारं प्रेत एकदम देखणं, उमराव घराण्यातलं झालं. हे ठीकच. पण रोमान्सची खरी आजी त्याहून कितीतरी जुनी आहे. दुसऱ्या शतकात, आजच्या अल्जीरियातल्या मदौरोस गावचा लेखक अपुलेयस लॅटिनमध्ये सायकी नावाच्या राजकन्येची गोष्ट लिहितो. नवरा रात्री येतो, पहाटेआधी जातो, चेहरा पाहायची बंदी. बहिणी सांगतात, तो अजगर आहे. ती दिवा घेऊन बघते, तर समोर प्रत्यक्ष प्रेमाचा देव क्युपिड! गरम तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो आणि तो उडून जातो.

पुढचं सगळं सायकी करते. सासूने, म्हणजे व्हीनसने, नेमून दिलेली कामं एकामागून एक. शेवटचं काम पाताळातून एक डबी आणण्याचं. आणि ती डबी देते कोण, तर पर्सेफनी, आता तिथली राणी. अखेरीस सायकी अमर होते, लग्न लागतं, मुलगी होते. राक्षस समजून घाबरावं असा प्रियकर, मोडलेला शब्द, कष्ट, मग हॅपी एंडिंग : आजच्या ट्रोपची, म्हणजे ठरलेल्या कथासूत्रांची, जवळजवळ सगळी यादी इथे हजर आहे.

हॅपी एंडिंग ही रोमान्सची अट आहे. ती मोडली तर वाचक पुस्तक भिंतीवर फेकतो. पुराणकथेला अशी अट माहीतच नाही. नॉर्स देव फ्रेयर दुरून गेर्ड या राक्षसकन्येला पाहतो. तिच्या दंडांच्या तेजाने समुद्र आणि आकाश उजळलेलं असतं. तो झुरतो आणि नोकराला मागणी घालायला पाठवतो. गेर्ड सोन्याची सफरचंदं नाकारते, अंगठी नाकारते, तलवारीच्या धाकालाही बधत नाही. मग नोकर शापांची अशी माळ लावतो, की ती हो म्हणते. नऊ रात्रींनी भेटण्याचं ठरतं आणि फ्रेयर कुरकुरतो, एक रात्र लांब, दोन त्याहून लांब, तीन कशा काढू? बस्स, कविता संपली. गेर्ड भेटीला कोणत्या मनाने गेली, त्याचा उल्लेख नाही.

आपल्याकडे याचाच जोड आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या ९५व्या सूक्तात पुरूरवा उर्वशीला परत ये म्हणून विनवतो, आणि ती सांगते, मी वाऱ्यासारखी आहे, धरायला कठीण. ती येत नाही. पुढे कालिदासाने 'विक्रमोर्वशीयम्' लिहिलं आणि इंद्राकडून परवानगी मिळवून तिला पुरूरव्याच्या आयुष्यभर त्याच्याजवळ ठेवलं. म्हणजे शेवट गोड करून घेणारे आजचेच लेखक नाहीत.

(पडद्यावर : आइसलँड. बंदरावर जमलेली गर्दी.)

'अस्सल पुराणकथा' म्हणून जी आपण वाचतो, तीही अशीच हाताळलेली असते. नॉर्स देवांचं बरंचसं ज्ञान आइसलँडचा लेखक स्नॉरी स्टर्लुसनच्या १२२० च्या सुमाराच्या ग्रंथातून येतं. तो ख्रिस्ती होता. आइसलँडने धर्म बदलून तोवर दोन शतकं लोटली होती. जुन्या कवितांचं मुख्य हस्तलिखित, कोडेक्स रेगियस, १९७१ मध्ये डेन्मार्कहून आइसलँडला परत आलं. त्यातली आठ पानं गहाळ आहेत, आणि गंमत अशी, की गेली ती वीर सिगुर्ड आणि योद्धी ब्रिनहिल्डच्या प्रेमकथेच्या ऐन मध्यावरची. त्या कथेचा साधारण अंदाज येतो तो सिगुर्डच्या वोल्सुंग घराण्याच्या सागामुळे, म्हणजे जुन्या आइसलँडिक गद्यकथेमुळे.

कुमारी, माता, वृद्धा अशी त्रिरूप देवी तर कित्येक कादंबऱ्यांत अतिप्राचीन म्हणून मिरवते. तिला या साच्यात लोकप्रिय केलं इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हजने, १९४८ मध्ये.

(पडद्यावर : रात्र, चौरस्ता, घोड्यांच्या टापा.)

प्रत्येक जुनी गोष्ट स्त्रीला मुकीच ठेवते असंही नाही. स्कॉटलंडच्या टॅम लिनच्या गाण्याचा उल्लेख १५४९ पासून सापडतो. परीराणीने पळवलेला हा तरुण सात वर्षांनी नरकाला खंडणी म्हणून जाणार आहे. गरोदर जॅनेट हॅलोवीनच्या रात्री चौरस्त्यावर उभी राहते, त्याला घोड्यावरून खाली ओढते आणि मिठी सोडत नाही. तिच्या हातात तो साप होतो, अस्वल होतो, सिंह होतो, तापलेलं लोखंड होतो. ती धरून राहते. इथे नव्या लेखिकेने दुरुस्त करावं असं काही उरलेलं नाही.

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्समुळे छापून आलेल्या पाठात शेवटी बोलते ती मात्र परीराणी, आणि ती टॅम लिनवर संतापाने पेटलेली आहे : हे आधी कळतं, तर तुझे करडे डोळे काढून लाकडाचे बसवले असते. आजची कादंबरी असती, तर पुढचा भाग या राणीच्याच नावाने निघाला असता.