डिंगी यंग

श्रोतेहो, नमस्कार. आज १७ मे. १९४३ साली याच तारखेला, पहाटे तीनच्या सुमारास, हॉलंडच्या किनाऱ्यालगत एक लँकेस्टर बॉम्बर समुद्रात कोसळलं. वैमानिक होता स्क्वाड्रन लीडर हेन्री मेल्विन यंग. अठ्ठावीस पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते. फक्त तीन दिवस. पण ब्रिटिश हवाई दलात त्याची ओळख वेगळीच होती: डिंगी.

आता डिंगी म्हणजे छोटी होडी, हे किनाऱ्यावरच्या माणसाला मी काय सांगणार! शब्द इंग्रजांनी आपल्याच देशातून, हिंदी-बंगालीतून उचलला आणि पुढे विमानातल्या हवा भरायच्या रबरी होडीलाही लावला. आपण तो इंग्रजी समजून परत घेतला. चंपीचंही तेच, शाम्पू होऊन न्हाणीघरात आली. असो.

तर ऑक्टोबर १९४०. यंगचं व्हिटली विमान अटलांटिकवर जहाजांच्या ताफ्याची राखण करत होतं. इंजिन बिघडलं. खाली नुसतं पाणी. त्यानं विमान लाटांवर उतरवलं आणि सगळे त्या रबरी होडीत. किती वेळ? २२ तास! दिवाळीच्या पहाटे पाणी जरा कोमट लागलं तरी आपण आईला हाका मारतो. इथे अंगावर भिजलेले कपडे, खाली अटलांटिक, आणि एकानं पाय पसरायचे तर दुसऱ्यानं आखडायचे. २२ तासांनी एका युद्धनौकेनं त्यांना उचललं.

एवढ्यावर माणूस पाण्याचं नाव टाकेल. नोव्हेंबरमध्ये गडी पुन्हा हवेत. आल्प्स ओलांडून इटलीतल्या तुरिनवर हल्ला केला, परतताना इंग्लंडचा किनारा आला आणि पेट्रोल संपलं. पुन्हा विमान पाण्यात, पुन्हा डिंगी, पुन्हा सुटका! दोन महिन्यांच्या आत दोनदा. मग मित्र दुसरं काय नाव ठेवणार? बारशाचं नाव आईबापांचं, खरं नाव मित्रांनी ठेवलेलं, असं माझं ठाम मत आहे. आणि गंमत बघा, १९३८ साली केंब्रिजला हरवणाऱ्या ऑक्सफर्डच्या नौकेत हाच यंग वल्हं मारत होता.

मे १९४३ मधली मोहीम तुम्हाला ठाऊक असेल. १९ लँकेस्टर, पाण्यावरून टप्पे खात जाणारा बॉम्ब, जर्मनीतली धरणं. पाण्यापासून जेमतेम १८ मीटरवरून उडायचं. यंगचा बॉम्ब मोने धरणाच्या भिंतीला नेमका भिडला, पुढच्या विमानाच्या बॉम्बनंतर भिंत फुटली. त्या रात्री १३३ पैकी ५३ वैमानिक-सैनिक गेले. आणि धरणाखाली हजाराहून जास्त माणसं बुडाली. सोव्हिएत भूमीतून वेठीला धरून आणलेल्या कितीतरी बायका त्यांत होत्या. हे गाळून डिंगीची गोष्ट सांगणं मला जमत नाही.

परतीच्या वाटेवर किनारा ओलांडला, समोर मोकळा समुद्र, आणि मागून हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या कास्ट्रिकुमच्या जर्मन तोफांनी गाठलं. सातही जण गेले. ज्यांना समुद्रानं परत दिलंच नाही आणि ज्यांना कुठेच थडगं नाही, अशांची वीस हजारांवर नावं इंग्लंडात रनीमीडच्या स्मारकावर कोरली आहेत. यंगचं नाव तिथे नाही. त्याला आणि त्याच्या सोबत्यांना लाटांनी एकेक करून किनाऱ्यावर आणलं. हॉलंडमधल्याच बर्गेन गावच्या दफनभूमीत ते सातही जण आहेत.

लँकेस्टरच्या उजव्या पंखात, घडी करून, डिंगी ठेवलेली असायची.