खांद शेकणी : पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी

[दृश्य : गोठा, दिवेलागण. चुलीवर वाटी, वाटीत लोणी आणि हळद. पळसाची पानं.]

पोळा उद्या आहे. आज खांद शेकायची. बाकी महाराष्ट्र याला खांदेमळणी म्हणतो, विदर्भात खांद शेकणं. लोणी वितळवायचं, त्यात हळद कालवायची, लोणी परवडत नसेल तर तेल. पळसाचं पान त्यात बुडवून बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या अगदी पुढे दाबायचं. वर्षभर जू बसतं ते इथंच. आणि तोंडानं म्हणायचं : ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’

[दृश्य : अगदी जवळून – तळहात, मानेवरची कातडी.]

पूजा म्हणून याचं चित्रण पुष्कळ होतं. आपण जरा हाताकडे बघू. हात सरळ फिरत नाही, मधेच थांबतो, मागे येतो. आजूबाजूच्या कातडीपेक्षा एखादी जागा ऊन लागते का? बोट दाबलं की खळगा राहतो का? केस झडून चट्टा पडलाय का? आत सुपारीसारखं टणक काही सरकतं का? ऊन आणि मऊ सूज म्हणजे दुखणं ताजं आहे. टणक, थंड गाठ म्हणजे तेच दुखणं जुनं होऊन बसलंय, आणि ती गाठ आता लोण्यानं विरघळायची नाही.

पान किती गरम हवं? आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला सोसेल इतकंच. ताजी सूज असेल तर शेकायचंच नाही. पहिला दिवस-दोन दिवस गार पाण्याच्या पट्ट्या, शेक त्यानंतर. नेम मोडायला मन धजत नसेल तर पान कोमट करून नुसतं टेकवावं, नेमही राहतो. गाठ ब्लेडनं फोडण्याचा उद्योग मात्र कुणी करू नये. श्रावणात माश्या असतात, जखम उघडी राहिली की दोन-तीन दिवसांत अळ्या पडतात.

[दृश्य : अंगणात उतरवून ठेवलेलं जू. शिवळा म्हणजे जुवाच्या खुंट्या, जोतं म्हणजे बैलाच्या गळ्याखालून जाणारा पट्टा.]

खांदा येतो, म्हणजे जुवाखाली मान सुजते, ती बैलाच्या दोषानं फार क्वचित. बहुतेक वेळा दोष जुवाचा, नाहीतर जोडीचा. एक बैल उंच आणि एक ठेंगणा असला की जू तिरकं बसतं आणि भार सारखा वाटला जात नाही. बंडी पुढून जड भरली तर वजन मानेवर येतं. मागून जड भरली की ती उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोतं गळ्याला आवळतं. म्हणून भरलेल्या बंडीची धुरी हातानं उचलून बघायची, मगच जुंपायचं. जुवाच्या खालच्या अंगाला फट गेली असेल तर तीत कातडी चिमटते. फटीच्या कडा पॉलिशकागदानं घासून बोथट करणं अर्ध्या तासाचं काम. लोक त्याऐवजी गोणपाटाची घडी बांधतात. घडी सरकते, तिला चुण्या पडतात, आणि फटीनं झालं नसतं एवढं त्या चुणीनं होतं.

पोळा श्रावणातल्या अमावस्येलाच का, याचं एक उत्तर या खांद्यातही शोधता येतं. जूनपासून वखर, पेरणी, मग डवरणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, आणि सगळं ओल्यात. भिजून मऊ पडलेली कातडी लवकर सोलते. डवरणी संपत आली की मान तपासायची खरी वेळ येते.

[दृश्य : पोथीची पानं. मग शेतात उभी जोडी.]

पराशरस्मृती या जुन्या धर्मग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात शेती करणाऱ्याला थेट नियम घालून दिलेत. भुकेला, तहानलेला, दमलेला बैल जुंपू नये. आजारी किंवा अवयवानं अधू बैलाकडून काम घेऊ नये. अर्धाच दिवस काम घ्यावं. पुढे जोड्यांचा हिशेबही आहे : एका नांगराला आठ बैल हा धर्म, सहा हे पोटासाठी, चार ठेवणारा निर्दय. दोनच बैलांवर नांगर चालवणाऱ्याला स्मृतिकारांनी जो शब्द वापरलाय तो फार कडक आहे. हे आठ एकदम जुंपायचे नसतात, ते पाळीपाळीनं कामाला लावायचे असतात. आज आठ बैल पोसणं कुणाला शक्य नाही, हे खरंच. पण यातला अर्ध्या दिवसाचा नियम फुकटात पाळता येतो.

सरकारनं 1965 साली ओढकामाच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी नियम केले, तेही याच वाटेनं जातात : दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त नाही, सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, आणि पारा 37 अंशांच्या वर असेल तिथं दुपारी बारा ते तीन जुंपायचंच नाही. विदर्भात उन्हाळा म्हणजे रोजच. पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला खिळा, म्हणजे आर, ठेवायलाही त्यात मनाई आहे. आर काढायला पक्कड पुरते.

[दृश्य : पोळ्याची सकाळ. नदीवर बैल. अंगावर गेरूचे ठिपके, झूल, बाशिंग, घुंगरांच्या माळा.]

आज जू नाही. दिवसभर नाही, कुठल्याही कारणानं नाही.

[दृश्य : शिंगांना रंग. हातात पत्र्याचा डबा.]

इथं मात्र थांबून बोलावं लागेल. हा ऑइलपेंट आहे. तो वाळताना घट्ट धरतो, आणि पुढच्या वर्षी काढताना शिंग विळ्यानं तासलं जातं. शिंगाच्या मुळाशी आत पोकळी असते, वरचं कवच तिथं पातळ. शिंगाच्या कर्करोगामागे जे संशयित धरले जातात त्यांत हे तासणं आहे. बैल सारखं डोकं झटकतो, शिंग एका बाजूला झुकतं, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येतं : ही लक्षणं दिसली तर पोळ्याची वाट बघत बसू नये. जुनं ते सगळं चांगलं असंही नाही, पूर्वी शिंगांना लावायचे ते हिंगूळ हे पाऱ्याचंच खनिज. गेरू लावा. नुसतं तेल चोळलं तरी शिंग झळकतं.

[दृश्य : नवी वेसण.]

वेसण बदलताना जुनी आधी कापून काढायची नाही. तिच्या एका टोकाला नवी बांधून ओढून घ्यायची, म्हणजे नाकाला पुन्हा टोचावं लागत नाही. दोर सुताचा, तेलात भिजवलेला. नायलॉन स्वस्त पडतो, टिकतो, आणि नाकाचा पडदा कापत जातो.

[दृश्य : तोरणाखाली जोड्या, झडत्या म्हणजे पोळ्याची गाणी, मग पोळा फुटतो, जोड्या तोरणाखालून सुटतात. मग दारोदार औक्षण, पुरणपोळी.]

दारात बैल आला की घरची बाई त्याचे पाय धुते, ओवाळते, पोळी भरवते. असं दहा-पंधरा दारी होतं. बैलाचं पोट कडब्याचं. एकदम एवढी कणीक आणि गूळ गेला की पोटात आंबतं, आम्ल वाढतं. म्हणून मिरवणुकीआधी पोटभर कडबा घालायचा, आणि दर दारी अर्धी पोळी, तीही हातानं मोडून. उरलेली गोठ्यात न्यायची नाही. रात्री बादलीत एकदम ओतली जाते तीच घातक.

म्हातारे बैल या मिरवणुकीत दिसत नाहीत. राज्यात 2015 पासून बैलाची कत्तल बंद आहे, पण काम सरलेल्या बैलाला रोजचा कडबा कुणी घालायचा हे त्या कायद्यात नाही.

[दृश्य : रात्र, गोठा, कंदील.]

आता पहाटेपर्यंत लक्ष ठेवायचं ते रवंथावर. रवंथ बंद, डावी कूस टम्म, चाल अडखळती, शेण पातळ आणि आंबूस वासाचं, यातलं काहीही दिसलं तर धान्य, पोळी, गूळ सगळं बंद. खाण्याचा सोडा किती द्यायचा ते वजन बघून डॉक्टर सांगतील. जीभ धरून नाळीनं काही पाजू नका, ते फुप्फुसात उतरतं. फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा फोन 1962.