हिवाळ्याच्या माश्या उन्हाळा संपतानाच घडतात

नमस्कार मंडळी. उन्हाळा सरत आला की भेटेल तो विचारतो, यंदा मध किती निघाला? मीही आनंदाने सांगतो, पण या दिवसांत परसातल्या पेटीपाशी गेलं की माझं सगळं लक्ष पुढच्या वसंतावर असतं. कारण कडक थंडीच्या प्रदेशात मधपेटी हिवाळ्यात जगणार की नाही हे हिवाळ्यात ठरत नाही हो, ते आत्ता ठरतं, ऑगस्ट-सप्टेंबरच्या या काही आठवड्यांत, आणि आज मला मुख्यतः तेच बोलायचंय.

उन्हाळ्यातली कामकरी माशी जेमतेम पाच-सहा आठवडे जगते. आधी आत अळ्यांना भरवते, मग मेण, साफसफाई, पहारा, आणि शेवटी मकरंद आणि पराग आणता आणता पंख झिजून संपते. पण उन्हाळा उतरताना आणि शरदात ज्या माश्या कोषातून बाहेर येतात त्या पाच-सहा महिने जगतात. तीच राणी, तीच पेटी, अंड्यापासून माशी व्हायला तेच 21 दिवस, आणि आयुष्य मात्र कितीतरी पट! यामागचं कारण माशीच्या पोटात आहे. बाहेर फुलं कमी होतात, राणी अंडी कमी घालते, भरवायला अळ्या फारशा नसतात, त्यामुळे या माश्या पराग खाऊन मिळवलेलं प्रोटीन खर्च न करता अंगातल्या चरबीत साठवून ठेवतात, व्हायटेलोजेनिन म्हणतात त्याला, आणि ही शिदोरी घेऊन त्या सगळ्या थंडीत एकमेकींना बिलगून गोळा करून बसतात, पंखांचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात, आणि हिवाळा संपताना पुढची पहिली पिल्लंसुद्धा त्याच साठ्यावर भरवतात.

आता व्हरोआ माइटचं, म्हणजे माशीला चिकटून जगणाऱ्या गोचिडासारख्या बारीक जीवाचं बघा. हा मुळात आशियाई मधमाशीवरचा परजीवी, तिथे तो बहुतेक करून नरांच्या कोषातच वाढतो म्हणून वसाहत टिकून राहते, पण गेल्या शतकात तो युरोपियन मधमाशीवर आला आणि इथे कामकरी माश्यांच्या कोषातही वाढायला लागला. बरीच वर्षं समजूत अशी होती की तो माशीचं रक्त पितो, 2019 साली सॅम्युएल रॅमझी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की मोठ्या माशीवर तो मुख्यतः चरबीचा अवयव खातो. म्हणजे हिवाळ्याच्या माशीची जी पुंजी, नेमकी तीच! वर पंख वाकडे करणारा व्हायरसही तो पसरवतो.

आणि वेळ बघा कशी असते. ऐन उन्हाळ्यात भरलेल्या पेटीत पन्नास हजारांच्या आसपास माश्या असू शकतात, माइट त्यांच्यात विखुरलेले असतात, काही जाणवत नाही. मग माश्या कमी व्हायला लागतात, पिल्लं कमी होतात, माइट मात्र वाढतच असतात, आणि जे थोडे कोष उरलेत त्यांत सगळे घुसतात, नेमके त्याच कोषांत जिथे हिवाळ्याच्या माश्या घडतायत. म्हणून मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, पेटी गजबजलेली दिसतेय ना, मध भरपूर आलाय ना, म्हणून निश्चिंत राहू नका, मोजा.

मोजणं अवघड नाही. पिल्लांच्या चौकटीवरून साधारण अर्धा कप माश्या घ्यायच्या, राणी त्यांत नाही ना हे आधी डोळ्यांत तेल घालून बघायचं, त्या साधारण 300 भरतात. जाळीच्या झाकणाच्या बरणीत त्या घालून दोन चमचे पिठीसाखर टाकायची, हळूच बरणी फिरवायची, थोडं थांबायचं आणि मग पांढऱ्या ताटलीवर जोरात झटकायची. माश्या आतच राहतात, साखर पडते, तिच्यावर थोडं पाणी शिंपडलं की साखर विरघळते आणि तांबूस-तपकिरी, चपटे, रुंदीला जास्त असे ठिपके उरतात, काही तर पाय हलवत असतात. 100 माश्यांमागे तीन किंवा जास्त माइट निघाले तर उपचाराला थांबू नका असं बरेच जण मानतात, मी तर दोनलाच हलतो. माइट मारायला वापरतात त्यांपैकी फॉर्मिक ॲसिड कोषाच्या झाकणाआडच्या माइटपर्यंतही पोचतं, ऑक्झॅलिक ॲसिड पोचत नाही, म्हणून ते पिल्लं नसताना चांगलं लागू पडतं. दोन्ही हाताळताना हातमोजे, चष्मा, योग्य मास्क, आणि लेबलवरचं तापमान पाळायचं, यात तडजोड नाही. आणि माणसांसाठीचा मध आधी काढून घ्यायचा.

याच दिवसांत दाराशी नरांची हकालपट्टी चालते. दोन-तीन कामकरी माश्या एका जाडजूड नराला पंखाच्या मुळाशी धरून ओढत आणतात, तो परत आत जायला बघतो, त्या परत ढकलतात. नराला नांगी नसते, स्वतःचं पोट भरायला तो बाहेर फुलांवर जात नाही, त्यामुळे बाहेर पडला की संपलाच. मला दरवर्षी बघताना वाईट वाटतं, पण राणीशी मीलन व्हायचा हंगाम गेलाय आणि साठा पुरवायचाय, वसाहतीचा निर्णय बरोबरच आहे.

साठ्याचं म्हणाल तर थंडी किती लांब त्यावर 15 किलोपासून 40 किलोपर्यंत मध लागू शकतो. पेटी मागून किंचित उचलून बघा, हाताला वजन कळायला लागतं. कमी वाटली तर दोन भाग साखर एक भाग पाणी असा घट्ट पाक द्या, पातळ दिला तर पाणी उडवण्यातच त्यांची ताकद जाते, आणि थंडी पडायच्या आधी द्या, गार पाक त्या नीट घेत नाहीत. संध्याकाळी द्या, सांडू नका, दार अरुंद करा, नाहीतर शेजारच्या पेटीच्या माश्या आणि गांधीलमाश्या लुटायला येतात आणि दुबळी वसाहत एका दिवसात साफ होते.

अगदीच दुबळी असेल तर तिला एकटीने थंडीत ढकलू नका. आधी दोन्हीकडे रोग आणि माइट तपासा, दुबळीची राणी काढा, भक्कम पेटीवर एक वर्तमानपत्राचा कागद पसरून वर दुबळीची पेटी ठेवा. त्या दोन्ही बाजूंनी कागद कुरतडतात, तोवर वास एकमेकांत मिसळतो, मारामारी होत नाही. काही दिवसांत दारापाशी कागदाचा चुरा पडलेला दिसला की वसाहती एक झाल्या असं समजा, मग आतल्या चौकटी नीट लावून घ्या.