जिनिंगमधला मजूर नेमका कोणाचा?

दिवाळी सरली की यवतमाळ, वर्धा, अकोला या जिल्ह्यांत जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या, फाटकांवर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि हंगाम भरात असताना रात्रपाळीतही मशीन थांबत नाही. मशीनमध्ये कापूस टाकणारे, रुई ओढणारे आणि गठाणी बांधणारे अनेक मजूर मालकाच्या पगारपत्रकावर नसतात. मालक कंत्राटदाराला काम देतो, कंत्राटदार त्यातला काही भाग पेटी कंत्राटदाराकडे सोपवतो आणि प्रत्यक्ष माणसे आणतो तो मुकादम.

डबल रोलर जिनमध्ये दोन रोलर पात्यांना घासत फिरतात, रुई ओढून घेतात आणि सरकी खाली पडते. कापूस अडकला तर मशीन बंद करूनच तो काढायचा असतो. पण मजुरी गठाणीवर ठरलेली असेल, तर बंद मशीन म्हणजे बुडालेली मजुरी, आणि म्हणून हात चालत्या रोलरपर्यंत जातो. बोटे गेली की मालक कंत्राटदाराकडे, कंत्राटदार पेटी कंत्राटदाराकडे आणि तो मुकादमाकडे बोट दाखवतो.

कायद्याने या टोलवाटोलवीला फार पूर्वीच उत्तर दिलेले आहे. 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या कलम 12 ने ठरवून दिले की, मालकाच्या नेहमीच्या व्यवसायाचा भाग असलेले काम त्याच्या आवारात कंत्राटी मजूर करत असेल, तर भरपाई थेट मालकाकडून मागता येते. मालकाने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी. कापसाची सरकी काढणे आणि रुई दाबणे हाच ज्याचा धंदा, त्याला हे काम आपले नव्हते असे म्हणता येत नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून या कायद्याची जागा घेणारी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली असून मुख्य मालकाची ही जबाबदारी तिच्यातही कायम आहे.

जिनिंगच्या मजुराला ही तरतूद अधिकच मोलाची आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने वगळलेले आहेत, आणि केवळ कापसाची सरकी काढण्याचे व रुई दाबण्याचे काम करणारा कारखाना त्यांत मोडतो. त्यामुळे नागपूरजवळच्या बुटीबोरीतील एखाद्या बारमाही कारखान्यातील कामगाराला जे विमा कार्ड मिळू शकते, ते या मजुराच्या खिशात नसते.

म्हणूनच कंत्राटात अट घातली जाते की कंत्राटदाराने आपल्या माणसांची डब्ल्यूसी (वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन), म्हणजे अपघात भरपाईच्या विम्याची, पॉलिसी काढावी. पॉलिसीची प्रत फाइलला लागते आणि काम सुरू होते. ती उघडून वाचण्याची तसदी मात्र क्वचितच घेतली जाते. हप्ता मजुरांची संख्या, त्यांचे काम आणि एकूण मजुरी यांवर ठरतो, म्हणून पॉलिसीत दहा मजूर आणि हजेरीपत्रकावर पंचवीस, अशी तफावत पडू शकते. पेटी कंत्राटदाराची माणसे त्या पॉलिसीत धरली आहेत का, हे वेगळे पाहावे लागते. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च देणे 2009 च्या दुरुस्तीपासून मालकावर बंधनकारक आहे, परंतु जादा हप्ता भरल्याशिवाय अनेक पॉलिसींत तो पूर्ण मिळत नाही. या उणिवांचा वाद मालक, कंत्राटदार आणि विमा कंपनी यांच्यातला आहे. पॉलिसी अपुरी असली किंवा मुळीच नसली, तरी मजुराचा हक्क तसूभरही कमी होत नाही, आणि हे त्याला कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे.

हा हक्क केवढा, ते 1923 च्या कायद्यातील हिशेबावरून कळते. मजुराचे वय 30, महिन्याची मजुरी 15,000 रुपये आणि एका हाताची चारही बोटे गेली, तर कमाईची क्षमता 50 टक्के घटली असे अनुसूची मानते. मजुरीच्या 60 टक्के म्हणजे 9,000 रुपये, त्याला या वयाच्या 207.98 या गुणकाने गुणून निम्मे केले की 9,35,910 रुपये होतात. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात दिली नाही, तर त्यावर 12 टक्के व्याज चढते; विलंबाला सबळ कारण नसेल, तर 50 टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो.

एवढी रक्कम कायद्याने देय असताना दवाखान्याच्या व्हरांड्यात काही हजार रुपये हातावर ठेवून, आता काही मागणे नाही, अशा कागदावर अंगठा घेतला जातो. हक्क सोडून देणारा असा करार कायद्याने रद्दबातल ठरतो. तो कागद दाखवून कोणी परत पाठवले, तरी अपघातापासून दोन वर्षांच्या आत सक्षम प्राधिकाऱ्याकडे (पूर्वीचे नुकसानभरपाई आयुक्त) अर्ज करता येतो. त्यासाठी हजेरीची नोंद, दवाखान्याचे कागद आणि सोबत काम करणाऱ्यांची साक्ष हाताशी ठेवावी.