टाईल्सविना न्हाणी: भिंतीवर काय चढवावं

मंडळी, घराचं काम काढलेले लोक हल्ली हमखास विचारतात, "न्हाणीत टाईल्स नकोत, सांध्यांत काळं धरतं. मग भिंतीला काय लावू?" मायक्रोसिमेंट, इपॉक्सी, चुना, पीव्हीसी पॅनल ही नावं त्यांनी आधीच काढून ठेवलेली असतात. मी आधी एवढंच विचारतो, की घरात अंघोळ बादलीनं होते की शॉवरनं?

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या मोऱ्या आठवा. खाली शहाबादी फरशी, भिंतीला तीनेक फुटांपर्यंत घोटलेलं सिमेंट आणि वर साधा चुन्याचा हात. पाटावर बसून तांब्यानं अंघोळ करणाऱ्याचं पाणी त्याच्यावर फारसं उडायचंच नाही, म्हणून तेवढं पुरायचं. शॉवर आला की तीच भिंत सात फुटांपर्यंत रोज भिजते. म्हणून काम काढण्याआधी चार दिवस अंघोळ झाल्यावर भिंत बघा आणि ओल जिथपर्यंत दिसते तिथं खडूनं रेघ मारा. रेघेच्या वर चांगला बाथरूमचा रंग चालतो. पैसा आणि लक्ष रेघेच्या खाली घालायचं.

आता एक गोष्ट ठामपणे सांगतो. वरचा थर कितीही महागाचा असो, पाणी अडवायचं काम त्याच्या मागं झालेलं पाहिजे. टाईल्सचंही तेच आहे. सांध्यांतून पाणी मागं जातंच आणि खालच्या फ्लॅटच्या छताला पोपडे धरतात. प्लंबरनं भिंतीतले पाइप दाबाखाली तपासून दिले, की सिमेंटचा गिलावा करून घ्या. त्यावर पॉलिमर-सिमेंटच्या कोटिंगचे दोन हात द्या, पहिला आडवा, दुसरा उभा. भिंत आणि जमीन जिथं मिळतात तो कोपरा आणि नहाणी ट्रॅपची, म्हणजे जमिनीतून पाणी वाहून जायच्या भोकाची, कड इथं फायबरची जाळी कोटिंगमध्ये दाबून बसवा, कारण गळती बहुतेक वेळा तिथूनच सुरू होते. मग ट्रॅप बुजवून जमिनीवर निदान ४८ तास पाणी साठवून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन स्वतः छत बघा. जिप्समचा गिलावा किंवा पीओपी न्हाणीत नको म्हणजे नकोच. पाण्यानं ते मऊ पडतं.

माझी पहिली पसंती आजही सिमेंटच्या घोटाईला आहे. कोटिंगचा दुसरा हात ओला असतानाच त्यावर बारीक वाळू भुरभुरवायची, म्हणजे पुढचा गिलावा धरून राहतो. घोटाईत सगळा खेळ वेळेचा. गिलावा अंगठ्यानं दाबल्यावर जेमतेम खूण उमटली पाहिजे, तेव्हा स्टीलची थापी चालवायची. घाईत कोरडं सिमेंट शिंपडून घोटलं, की महिन्याभरात केसासारख्या भेगा दिसतात. निव्वळ सिमेंट वाळताना आक्रसतं, म्हणून त्यात पॉलिमर घालून घ्या. पुढं निदान सात दिवस पाणी मारा, मग भिंत पूर्ण सुकू द्या आणि त्यानंतरच सीलर, म्हणजे पाणी भिंतीत मुरू न देणारा वरचा हात, लावा. वर्षभरानं भिंतीवर तांब्याभर पाणी टाकून बघा. थेंब ओघळून गेले तर ठीक, भिंत गडद झाली तर सीलरचा हात पुन्हा द्यायची वेळ आली.

चुना हा माझा जिव्हाळ्याचा विषय. मोरोक्कोत, विशेषतः मराकेशमध्ये, ताडेलाक्त नावाचं काम करतात. चुन्याचा गिलावा दगडानं घोटायचा आणि त्यावर ऑलिव्हच्या तेलाचा साबण चोळायचा. चुना आणि साबण यांच्यातून पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार होतो आणि भिंत पाणी झटकते. आपल्याकडं राजस्थानातली आराईशही चुना घोटूनच चकाकते. असं काम नेहमीच्या गवंड्याला सांगू नका, ते शिकलेला कारागीरच शोधा. आणि ते ऐन पावसात काढू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि भिंत पाण्यानं भरलेली असेल, तर हा वायू आत शिरत नाही. न्हाणीला खिडकी हवी, नुसत्या डक्टवर उघडणारी असेल तर एक्झॉस्ट फॅनही हवा.

मायक्रोसिमेंट म्हणजे पॉलिमर घातलेल्या सिमेंटचा पातळ थर, दोन-तीन मिलिमीटरचा. दिसतं देखणं, पण मागची भिंत हलली की तेही तडकतं. त्याचं यश लावणाऱ्याच्या हातात असतं, म्हणून त्यानं दोन-तीन वर्षांपूर्वी केलेली न्हाणी बघून मगच काम द्या. इपॉक्सी रंग हाडासारख्या कोरड्या भिंतीलाच द्यावा. आत ओल राहिली तर फोड येतात. प्लास्टिकचा तुकडा चिकटपट्टीनं भिंतीवर चारी बाजूंनी बंद करा. दुसऱ्या दिवशी आत दमटपणा दिसला तर थांबा. पीव्हीसी पॅनल भाड्याच्या घरात सोयीचे आहेत, पण मागं ओल असेल तर ती झाकली जाते आणि बुरशी वाढत राहते. ओल आधी शोधा.

शेवटी निगा. ज्या भागात टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं, तिथं भिंतीवर पांढरे डाग पडणारच. ते काढायला ॲसिड आणू नका. चुना आणि सिमेंट दोन्ही ॲसिडनं झिजतात, सीलरही निघून जातो. अंघोळीनंतर लगेच वायपर फिरवला तर डाग फारसे धरत नाहीत. धुवायला सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरे. घरी सफाईला येणाऱ्या मावशींना हे पहिल्याच दिवशी सांगा आणि ॲसिडची बाटली न्हाणीतून उचलून ठेवा.