दोन वेळची मेस

नमस्कार श्रोतेहो. मी माण तालुक्यातली. पुण्यात तिसऱ्या वर्षाला शिकते. नव्या पेठेत एका खोलीत आम्ही चौघी जणी राहतो. आज मला बोलायचंय ते आमच्या रोजच्या जेवणाबद्दल.

नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ, या भागात गल्लोगल्ली मेस आहेत. कॉलेजची मुलं, स्पर्धा परीक्षांची मुलं, सगळ्यांची चूल तीच. मेस लावायची म्हणजे महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, एक वेळची लावायची की दोन वेळची ते ठरवायचं. गावी जाणार असाल तर आधी सांगायचं, आणि सलग काही दिवस नसाल तरच खाडा धरला जातो. एखाद-दुसरं जेवण चुकलं तर ते पैसे गेले. रविवारी दुपारी फिस्ट असते, म्हणजे पुरी, मसालेभात आणि काहीतरी गोड. त्याच संध्याकाळी बहुतेक मेस बंद असतात, म्हणून दुपारी दोन पुऱ्या जास्त खाऊन घ्यायच्या.

आमच्या मेसच्या काकू पहाटेपासून ओट्याशी उभ्या असतात. कणीक मळायला मदतीला एक मावशी, बाकी सगळं त्यांच्या हातचं. ताटात तीन पोळ्या, एक सुकी भाजी, एक उसळ, आमटी-भात. आमटी पातळ असते, हे खरंय. पण डाळीचे, तेलाचे, सिलिंडरचे भाव वर जातात तेव्हा काकू महिन्याचे पैसे लगेच वाढवत नाहीत, तेही मी पाहिलंय. परीक्षेच्या दिवसांत एखादी पोर आली नाही तर तिच्या मैत्रिणीजवळ झाकून डबा देतात. या बाईंचा मला फार आधार वाटतो.

श्रोतेहो, आता जरा अवघड गोष्ट सांगते. घरून पैसे यायला उशीर झाला, शिष्यवृत्तीचा हप्ता लांबला, की पहिली काटछाट जेवणावर होते. खोलीभाडं थकवता येत नाही. अभ्यासिकेची फी थकली तर जागा जाते. जेवणाचं तसं नाही, ते कमी केलेलं कुणाला दिसत नाही. मग दोन वेळची मेस एक वेळची होते. सकाळी नाश्ता नाही, अकराच्या सुमारास एकदाच पोटभर जेवायचं आणि संध्याकाळी चहा-बिस्किटावर किंवा वडापाववर भागवायचं. काही मुली एका डब्यात दोघी जेवतात, वर दोन पोळ्यांचे सुटे पैसे देतात. घरून फोन आला की सगळ्या जणी ‘जेवले’ असंच सांगतात. आईवडील तिकडे उसनवारी करून पैसे पाठवतात, त्यांना आणखी काय सांगायचं?

याचा परिणाम अंगावर दिसतो. दुपारच्या तासाला डोळे मिटतात, डोकं दुखतं, जिना चढताना धाप लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. हा आकडा वाचला तेव्हा मला आमच्याच मजल्यावरच्या मुली डोळ्यांसमोर आल्या.

शिकणाऱ्या पोरांच्या जेवणाची काळजी आपल्या महाराष्ट्राला नवीन नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, पुढे साताऱ्याला वसतिगृह उभं केलं. सगळ्या जातीधर्मांची पोरं तिथे एका पंगतीला बसली. वसतिगृहातलं धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा दिलं. साताऱ्याकडची म्हणून हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्याचा अर्थ पुण्यात आल्यावर उमगला. त्या दोघांनी पोरांचं जेवण शिक्षणातच धरलं होतं. आज कॉलेजची माहिती देताना प्रयोगशाळा किती, ग्रंथालयात पुस्तकं किती, हे सगळं छापतात. सकाळी सातच्या तासाला आलेल्या मुलाला पोहे-उपीट कुठे मिळेल, बाहेरगावच्या मुलीला परवडणाऱ्या पैशांत भाजी-भाकरी मिळेल का, हेही तितक्याच ठळकपणे छापायला हवं. कॅन्टीनचं कंत्राट देताना नुसतं भाडं पाहू नये, ताटात काय पडतं ते पाहावं, आणि मुलांनाही विचारावं.

तोवर आम्ही आमच्यापुरतं काही सुरू केलंय. खोलीत गॅस नाही, पण रात्री मूठभर हरभरे किंवा मटकी भिजत घालता येते. सकाळी त्यात कांदा, मीठ, लिंबू. लिंबामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, कारण चहाने तेच लोह कमी शोषलं जातं. खाणाऱ्यांना उकडलेलं अंडं सर्वांत सोपं, एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं मिळतात.

आणि गावाकडून कुणी आलं की त्या रात्री मेसला सुट्टी! बीडच्या मैत्रिणीची बाजरीची भाकरी, जळगावचीच्या कळण्याच्या पुऱ्या, माझ्या आईची शेंगदाण्याची चटणी, सगळं वर्तमानपत्रावर मांडून आम्ही जेवतो.

आईवडील ऐकत असतील तर त्यांना एवढंच सांगते, पोरीची पिशवी भरताना फरसाण, चिवडा कमी ठेवा. त्या जागी भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि तिळाचे किंवा नाचणीचे लाडू द्या. आणि थोडे जास्तच द्या, खोलीत आम्ही चौघी आहोत. नमस्कार.